ठोकळ्यावरचा रंग

शर्यत संपली की लोक जिंकलेल्या ड्रायव्हरला खांद्यावर उचलतात, ओरडतात, फोटो काढतात. त्याच वेळी मैदानाच्या मागच्या शेडमध्ये एक म्हातारा त्याच्या गाडीखाली पालथा पडलेला असतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही. पण तो उठून, गुडघे झटकून "ठीक आहे" म्हणेपर्यंत ती गाडी जिंकलेली नसते, आणि हे खांद्यावर बसलेल्या ड्रायव्हरला पक्कं माहीत असतं. तोवर तो हसतो तेही बेताचंच.

हा म्हातारा म्हणजे मैदानाचा तपासनीस. तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि पाठ वळली की ठोकळेमास्तर. आपण मास्तरच म्हणू.

ठोकळा ही खरीच वस्तू होती. विटेएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, उंची साठ मिलिमीटर, एका बाजूला धरायला मूठ. नियम असा की गाडीचं पोट जमिनीपासून निदान साठ मिलिमीटर वर हवं. गाडी जितकी खाली, तितकी ती वळणावर चिकटून पळते, त्यामुळे ज्याचा त्याचा जीव तिला खाली बसवण्यात. शेडमध्ये पातळी लावून बसवलेली एक लोखंडी फरशी होती. गाडी तिच्यावर उभी करायची आणि खालून ठोकळा सरकवायचा. गेला तर गाडी पास, अडला तर बाद. तिथं मास्तरांनी कुणाची गयावया कधी ऐकली नाही आणि कुणाची दमदाटीही ऐकली नाही.

या कामापायी त्यांनी स्वतःला काही नियम घालून घेतले होते. शर्यतीत गाडी उतरवणाऱ्या कुणाचाही चहा घ्यायचा नाही. कुणाच्या घरी जायचं नाही. दुपारचा डबा शेडमध्येच, स्टुलावर बसून, भिंतीकडे तोंड करून खायचा, म्हणजे कुणी येऊन सलगी करायला नको. मिंधेपणाची सुरुवात चहापासून होते, असं त्यांचं ठाम मत. सव्वीस वर्षं हे पाळल्यावर व्हायचं तेच झालं. मास्तर येताना दिसले की गप्पा मारणारे लोक घड्याळात बघायला लागायचे. मास्तर गेले की पुन्हा हसण्याचा आवाज यायचा. तो त्यांना ऐकू जायचा. वाईट वाटायचं. पण कामाचा भाग आहे म्हणून ते गिळायचे.

घरीही फारसं निराळं नव्हतं. बायको होती तोवर निदान कुणीतरी चेष्टा करणारं होतं. "तुमच्याशी संसार म्हणजे रोजची तपासणी," ती म्हणायची. "माझ्याखाली ठोकळा घालून बघितला नाहीत हेच नशीब." चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मास्तरांच्या दोन खोल्यांत रेडिओशिवाय कुणी बोलत नव्हतं, आणि रेडिओला काही विचारता येत नाही.

खरं तर त्यांना एक भाऊ होता. धाकटा, चौदा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा मास्तर एका लेथ कारखान्यात कामाला होते. पोराला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून ते त्याला कारखान्यात घेऊन जायचे. मायक्रोमीटर कसा धरायचा, स्क्रू किती हलक्या हातानं आवळायचा, आकडा वाचताना श्वास कसा रोखायचा, हे सगळं धाकट्याला शिकवलं ते मास्तरांनी. "डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मोजायचं," हे वाक्य त्या पोरानं इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पुढे धाकट्यानं स्वतःचं गॅरेज काढलं आणि शर्यतीची गाडी बांधायला घेतली. झालं, त्या दिवसापासून मास्तरांनी त्याच्याकडचाही चहा सोडला. जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. मास्तरांकडे उलटा कारभार होता. बाकीच्यांच्या गाडीखाली ठोकळा एकदा सरकायचा, भावाच्या गाडीखाली दोनदा.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी धाकट्याची गाडी पहिली आली. आयुष्यात पहिल्यांदा. ती शेडमध्ये आली, फरशीवर उभी राहिली. मास्तर पालथे झाले, त्यांनी ठोकळा सरकवला आणि तो अडला.

पुन्हा सरकवला. पुन्हा अडला. अगदी केसभर.

शेडच्या दारात माणसं गोळा झाली होती. धाकटा गाडीशेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, मी सकाळी माझ्या ठोकळ्यानं बघितलंय. गेला होता. आधी तुझा ठोकळा मोज."

एवढंच बोलला तो. पण चार लोकांत बोलला. ज्यानं मोजायला शिकवलं त्यालाच मोजायला सांगतो, हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. ठोकळा त्यांनी स्वतः लेथवर कापला होता, स्वतः घासला होता, आणि त्याच आठवड्यात हौसेनं रंगवलाही होता. पिवळाधमक, शेडमध्ये कुठं पडला तर चटकन दिसावा म्हणून. "धातूचा तुकडा वाढत नसतो," ते म्हणाले आणि कागदावर 'बाद' लिहून सही केली.

प्रकरण मैदानाच्या समितीपुढे गेलं. समितीच्या नियमात दोन शिक्षा होत्या. चूक झाली असेल तर फक्त त्या शर्यतीतून बाद. मुद्दाम लबाडी केली असेल तर वर्षभर बंदी, म्हणजे नऊ शर्यती, आणि मैदानाच्या फाटकाच्या आतही यायचं नाही. अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, "तुमचं काय मत? चूक की लबाडी?"

तेव्हा मास्तर जे बोलले ते बोलायला नको होतं. ते म्हणाले, "इतकं काठावर चुकून कुणी येत नाही. बाकीचे दोन-तीन मिलिमीटर सोडून ठेवतात. यानं सोडले नाहीत, कारण याला कसं चोरायचं ते कळतं." तेवढ्यावर थांबले नाहीत. धाकटा नऊ वर्षांचा असताना गल्लीतल्या मुलांच्या उतारावरच्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीत वजनानं गाडी जोरात पळावी म्हणून त्यानं सीटखाली दगड लपवले होते, ती गोष्ट त्यांनी भर समितीत सांगितली. समितीतली माणसं पोट धरून हसली. धाकटा हसला नाही. त्याला वर्षाची बंदी झाली.

वर्ष सरल्यावर तो परत गाडी उतरवायला लागला, पण स्वतः शेडमध्ये कधी आला नाही. मेकॅनिकला पाठवायचा आणि आपण लांब कुंपणापाशी उभा राहायचा. गाडी आता चार मिलिमीटर उंच ठेवायचा. अर्थात पुन्हा कधी पहिला आला नाही. बाकीचेही धसका घेऊन गाड्या उंच ठेवायला लागले, त्यामुळे मास्तरांचा ठोकळा त्यानंतर कुणाच्याच गाडीखाली अडला नाही. दोघे भाऊ वर्षातून नऊ रविवार एकमेकांना लांबून बघत होते. वहिनी गेली तेव्हा धाकटा आला होता. फाटकाशी उभा राहिला, डोळे पुसले आणि आत न येता गेला. मास्तर खिडकीतून बघत होते. हाक मारावीशी वाटली, पण हाकही अडली.

यंदा हंगामाच्या शेवटी मास्तर शेड आवरत होते. ठोकळा हातातून निसटला आणि फरशीच्या कडेवर आपटला. उचलला तर वरच्या अंगाचा नखाएवढा रंग उडाला होता. मास्तरांनी सवयीनं त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पायरी लागली.

बोटाला पायरी लागली म्हणजे काय, हे ज्यानं उभं आयुष्य धातू घासण्यात घातलं त्याला सांगायला नको. त्यांनी कपाटातून मायक्रोमीटर काढला. चष्मा पुसला. श्वास रोखून मोजलं. रंगावरून उंची साठ पूर्णांक सव्वीस शतांश. मग खालच्या अंगाचाही तेवढाच रंग ब्लेडनं खरवडला आणि उघड्या धातूवर मोजलं. साठ. बरोबर साठ, एक शतांशही इकडेतिकडे नाही. लेथवरचं काम चोखच होतं. अस्तराचा एक हात आणि पिवळ्या रंगाचे दोन, वरूनही आणि खालूनही. धातू वाढत नाही हे खरंच होतं. पण त्याला अंगरखा कुणी चढवला होता?

मास्तर फरशीवरच बसले. धाकटा काठावर आला होता तो चोरायला नव्हे. दादानं शिकवलं तसं मोजून आला होता. सगळ्या मैदानात मोजण्यावर विश्वास ठेवणारा तो एकटा, आणि नेमका तोच पकडला गेला.

फळीवर थिनरची बाटली होती. फडक्यावर थोडं ओतलं असतं तर पाच मिनिटांत सगळा रंग निघाला असता आणि अकरा वर्षांचा पुरावा फडक्यावर आला असता. मास्तरांनी बाटलीकडे बघितलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. बघितलं, चांगलं दोन मिनिटं बघितलं. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? बायको नव्हती, मूल नव्हतं, मित्र त्यांनी होऊ दिले नव्हते. 'मास्तरांचं माप चुकत नाही' हे एक वाक्य होतं, आणि ते गेलं तर घरी जाऊन रेडिओ. शेवटी त्यांनी ठोकळा तसाच वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

अध्यक्षांचं मोटारींच्या सुट्या भागांचं मोठं दुकान होतं. त्यांनी ठोकळा उलटसुलट करून पाहिला आणि हसले. "अहो मास्तर, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! जुनी मढी कशाला उकरताय? तुमचं माप चुकलं असं बाहेर कळलं, तर अकरा वर्षांचे निकाल घेऊन लोक दारात उभे राहतील."

"राहू देत. एकेक मोजू."

"तुमचा भाऊसुद्धा विसरला असेल हो."

"तो विसरला नाही," मास्तर म्हणाले. "तो अजून चार मिलिमीटर सोडतो."

अध्यक्षांपुढे इलाज उरला नाही. सुनावणी लागली. तीच खोली, तेच लांब टेबल, डुगडुगणारी तीच एक खुर्ची. धाकटा आला आणि नेमका त्या खुर्चीवर बसला. केस बरेच पिकले होते त्याचे. मास्तरांना एकदम जाणवलं की हा आता वडील गेले त्या वयाचा झालाय.

मास्तरांनी लिहून आणलेला कागद वाचला. रंग, अस्तर, शतांश, सगळं नीट. शेवटी लिहिलं होतं: 'सबब ती गाडी नियमात होती व पहिला क्रमांक तिचाच.' वाचून झाल्यावर ते धाकट्याकडे बघत उभे राहिले. त्यांना वाटलं होतं तो काहीतरी बोलेल, निदान मान हलवेल.

"ठोकळ्याचं समजलं," धाकटा म्हणाला. "रंग लागतो, माणसाच्या लक्षात येत नाही. माझ्याही हातून झालं असतं. मला एवढंच विचारायचंय दादा, मी मुद्दाम केलं हे तू कुठल्या मापानं मोजलं होतंस?"

मास्तरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. त्या कागदात याबद्दल एक ओळ नव्हती. तीन दिवस बसून लिहिला होता, चार वेळा खोडला होता, आणि ही गोष्ट त्यांना सुचलीसुद्धा नव्हती.

"मोजलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग?"

"रागानं बोललो. तू चारचौघांत मला ठोकळा मोजायला सांगितलास, त्याचा राग."

"आणि लाकडी गाडीची गोष्ट? दगडांची?"

"तीही रागानंच. तुझी नव्हती ती सांगायची. तू नऊ वर्षांचा होतास रे."

धाकट्यानं खाली बघितलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "चला, मनं मोकळी झाली हे उत्तम. निकाल दुरुस्त करू. मास्तरांना समितीकडून एक समज देऊ, म्हणजे प्रश्न मिटला. शेवटी दुसरा तपासनीस आणायचा कुठून?"

"समज कशाची?" मास्तर कडाडले. सव्वीस वर्षांचा सगळा ताठा त्या आवाजात होता. "नियम वाचा की! ठोकळा ही चूक झाली, तिला समज द्या. साक्ष ही चूक नव्हती. मी न मोजता एका माणसाला लबाड ठरवलं. त्याला शिक्षा काय, ते त्याच पानावर लिहिलंय."

अध्यक्ष वैतागले. बाकीच्यांकडे बघितलं, कुणी वर बघेना. शेवटी ते धाकट्याकडे वळले. "तुमच्यावर अन्याय झालाय. तुम्हीच सांगा काय करायचं ते." त्यांचा अंदाज होता की सख्खा भाऊ आहे, माफ करेल.

धाकटा उठला. "एक वर्ष," तो म्हणाला. "मला होतं तेवढंच. जास्त नको आणि कमीही नको." एवढं बोलून तो बाहेर पडला. खुर्ची त्याच्यामागं थोडा वेळ डुगडुगत राहिली.

मास्तरांना वाईट वाटलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण शिक्षा योग्य होती, आणि योग्य शिक्षेविषयी तक्रार करणाऱ्यांना त्यांनी जन्मभर शेडबाहेर काढलं होतं. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी गेले.

नव्या हंगामाचा पहिला रविवार आला. मास्तरांचं घर मैदानापासून तीन रस्ते सोडून. सकाळी नेहमीच्या वेळी जाग आली, डबा भरायला घेतला आणि मग आठवलं. दहा वाजता इंजिनं सुरू झाली. मास्तर खुर्चीवर बसून ऐकत राहिले. फेऱ्या मोजल्या. वळणावर गिअर कुठं पडतोय ते कानाला कळत होतं. शर्यत संपल्यावर लोकांचा ओरडा आला आणि मग एकदम सामसूम. या वेळी ते शेडमध्ये पालथे असायचे, त्यामुळे ही सामसूम त्यांनी कधी ऐकली नव्हती. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. येणार तरी कोण होतं?

दुसऱ्या रविवारी त्यांनी रेडिओ मोठा लावून बघितला. इंजिनं त्याच्यावरून ऐकू येत होती. तिसऱ्या रविवारी ते लांब फिरायला गेले, पण वारा तिकडचाच होता. चौथ्या रविवारी त्यांच्या मनात आलं की धाकट्याचं गॅरेज तर मैदानाला लागूनच आहे. त्याला हे किती मोठ्यानं ऐकू येत असेल, आणि ते त्यानं नऊ वेळा कसं ऐकलं असेल? त्याच्या बंदीच्या वर्षी दर शर्यतीच्या संध्याकाळी मास्तर गॅरेजवरूनच घरी यायचे. गॅरेजचं दार उघडं असायचं, आत दिवा असायचा. ते मान खाली घालून पुढं जायचे. बंदी असलेल्या माणसाशी तपासनीसानं बोलू नये, असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तो त्यांचा त्यांनीच घातलेला होता.

पाचवा, सहावा, सातवा. माणसाला आपण किती एकटे आहोत हे एरवी कळत नाही, कारण काम असतं. आता काम नव्हतं. आठव्या रविवारी जोराचा पाऊस झाला आणि शर्यत अर्ध्यावर थांबली. मास्तरांनी तीसुद्धा धरली, कारण धाकट्याच्या वर्षीही एक अर्धवट थांबली होती आणि समितीनं ती मोजली होती.

नवव्या रविवारी सकाळी दहाला इंजिनं सुरू झाली आणि त्याच वेळी दार वाजलं.

दारात धाकटा उभा होता. अंगात गॅरेजचे कपडे, हात ग्रीसनं काळे.

"गाडी?" मास्तरांच्या तोंडून आधी तेच आलं.

"मेकॅनिक बघेल." तो आत आला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला. तिच्यावर बायको गेल्यापासून वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो त्यानं खाली ठेवला. दोघं इंजिनांचा आवाज ऐकत बसले. सहा-सात फेऱ्या तरी झाल्या असतील.

"मी नऊ मोजल्या त्या वर्षी," धाकटा म्हणाला. "दर वेळी वाटायचं, तपासणी आटोपली की दादा येईल. शिव्या देईल, लबाड म्हणेल, पण येईल. दार उघडं ठेवायचो."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मग तू आज कशाला आलास?" ते कसंबसं म्हणाले. "शिक्षा नऊची आहे. ही नववी. कमी नको म्हणाला होतास."

"आठ पुरे. रंग तुला खरंच दिसला नव्हता. त्याची एक वजा."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. हिशोब बरोबर होता. ते उठले, शेगडीवर पाणी ठेवलं आणि कपाटात अगदी मागं गेलेला दुसरा कप काढून धुतला. कप हातात घेऊन मात्र थबकले.

"पुढच्या वर्षी परत तपासायला येणार ना?" धाकट्यानं विचारलं.

"येणार. किल्ल्या देतो म्हणालेत."

"मग मला माहितीये, पुढच्या वर्षी तू माझ्याकडचा चहा घेणार नाहीस, देणारही नाहीस."

"नाही," मास्तर म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

"तर मग आज दोन कप दे," धाकटा म्हणाला.

मास्तरांनी भांड्यात आणखी पाणी घातलं. तिकडे मैदानात शर्यत संपली, ओरडा झाला, आणि मग ती सामसूम पसरली. ती संपेपर्यंत दोघं भाऊ चहा पीत बसले होते.